ज्वारीच्या दाण्याएवढी जागा

"गाठोडं बांध, माय. मी तुला न्यायला आलेय."

चेतना दोरीच्या अलीकडे उभी होती. गिऱ्हाईक उभं राहतं तिथंच. खांद्याला पतसंस्थेत नेते ती पर्स, चपला धुळीनं पांढऱ्या. सारंगखेड्याच्या यात्रेचा चौथा दिवस, सकाळचे दहा. तापीवरून आलेलं धुकं आत्ता कुठं बाजारातल्या घोड्यांच्या पाठीवरून उतरत होतं, आणि ओल्या पाठी उन्हात वाफाळत होत्या.

बेबीबाई टेबलावरच्या लाल कापडाची सुरकुती तळहातानं सारखी करत होती. मान वर न करता तिनं चहाचं विचारलं.

"च्या पिधा का?"

"माय, मी काय बोलतेय?"

"ऐकू उनं. गाठोडं यात्रा उठनी का बांधतस. अजून आठ दिन शेतस."

चेतनानं पर्समधून फोन काढला आणि तिच्या डोळ्यांपुढं धरला. बेबीबाईनं डावा डोळा मिटला, उजव्यानं पाहिलं. उजव्याचं ऑपरेशन झालं होतं, डाव्याचं व्हायचं होतं.

फोनमध्ये एक तरुण माणूस बोलत होता. चष्मा, स्वेटर, मागं हेच लाल कापड. "मित्रांनो, मी वीस रिंगा टाकल्या. एकही पडली नाही. का? कारण ठोकळा रिंगेपेक्षा मोठा आहे. मी फोटोवरून माप काढलंय. हे गणित आहे, मित्रांनो. आणि ही मावशी बघा, कशी हसतेय!" मग बेबीबाईचं तोंड पडदाभर झालं. समोरचा एक दात नसलेलं, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला बघून फुललेलं तोंड. खाली नाव होतं, 'जत्रेतली लूट, भाग एक'.

"हाऊ तं परवा उना तो मास्तर," बेबीबाई म्हणाली. "हात चांगला व्हता त्याना. घाई करे."

"खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचू? 'चोर बाई.' 'यांचा धंदाच तो.' काल दुपारी पतसंस्थेत डबा खाताना आमच्या अल्पनानं सगळ्यांना दाखवला. तिला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. मी तर सांगितलंय, रनाळ्याला आईचं भांड्यांचं दुकान आहे म्हणून."

"खोटं काय त्यामा? भांडा शेतसच." बेबीबाईनं टेबलाकडे हात केला. साबण, कंगवे, पेले, वाट्या, झाकणाचे डबे, प्रत्येक वस्तू आपापल्या लाकडी ठोकळ्यावर. दोरीपासून टाकलेली रिंग ठोकळ्याभोवती सपाट बसली की वस्तू 'पडली', म्हणजे गिऱ्हाइकाची झाली.

चेतना हसली नाही. तिचा आवाज खाली गेला. "सगळे हसले, माय. मी पण हसले."

बेबीबाईचा हात कापडावर थांबला. मग तिनं पुन्हा सुरकुती सारखी करायला घेतली. तिथं सुरकुती नव्हती.

शेजारच्या फुगे फोडायच्या स्टॉलवरून रूपसिंग ओरडला. धडगावकडचा माणूस, पंधरा वर्षांचा शेजार. "चेतनाताई, रागे नका भरू! मन्ही बंदूकना बी व्हिडिओ काढा त्यानी. मी त्याले पह्यलेच सांगं, गुरुजी, बंदूक डावीकडे ओढस, उजवीकडे धरा. त्यानी ऐकं नई. आते म्हणस बंदूक वाकडी शे. वाकडी शेच! मी सांगंच ना!"

बेबीबाई हसली. पण तिची नजर टेबलाच्या मागच्या रांगेत गेली, मधोमध ठेवलेल्या घड्याळाकडे, आणि चटकन परत आली.

घड्याळ पितळी काठाचं होतं. नंदुरबारला सुमेरमल शेटच्या दुकानातून तिच्या नवऱ्यानं, पितांबरनं पहिलं आणलं, त्याला एकतीस वर्षं झाली. त्यानंतर अकरा घड्याळं गेली, अकरा नवी आली. गेलेली प्रत्येक बेबीबाईला पाठ होती. एक प्रकाशा गावच्या होडीवाल्याकडे, एक शहाद्याच्या नव्या नवरीकडे, एक त्या म्हाताऱ्याकडे ज्याला वेळ वाचता येत नव्हती आणि ज्यानं घड्याळ छातीशी धरून बस पकडली होती. ती जागा मात्र कधी रिकामी राहिली नाही. एक घड्याळ गेलं की त्याच ठोकळ्यावर दुसरं बसायचं.

पितांबर रनाळ्याच्या पाटलांच्या घरचा. नांगर सोडून त्यानं रिंगा धरल्या तेव्हा भाऊबंदांनी त्याला 'जुगारी' म्हटलं, आणि पुढं लग्नकार्यात त्याच्या पानाशी बसताना माणसं जागा बदलू लागली. तो कुणाशी भांडला नाही. बांबूच्या कामट्या भिजवायचा, वाकवायचा, वर लाल-पिवळा दोरा गुंडाळायचा. रिंग झाली की ठोकळ्यावर घालायची, चारी कोपऱ्यांशी ज्वारीचा एकेक दाणा सोडायचा. चारही दाणे फटीत बसले तर रिंग खरी. नाही बसले तर चुलीत.

दुसरं एक बंधन त्यानं स्वतःला घालून घेतलं होतं. त्याला तो सलामी म्हणायचा. रोज सकाळी दोरी बांधली की स्टॉलवाल्यानं गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहायचं, आणि टेबलावरची प्रत्येक वस्तू पाच रिंगांत पाडून दाखवायची. "जी वस्तू आपला हातथीन पडत नई," तो म्हणायचा, "ती मांडानी नई." त्याच्या मागं नऊ वर्षं बेबीबाई सलामी देत आली होती. वर्षातले दहा महिने नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या पथारीवर देठ काढून तिच्या बोटांची आग व्हायची, तरी यात्रेत ती बोटं रिंग अशी सोडायची, जशी पोर झोपाळ्यातून अलगद उतरवावी.

या वर्षी साबण पडला. पेले, वाट्या, डबे पडले. घड्याळ पडलं नाही.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, धुकं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, वारा. तिसऱ्या दिवशी वारा नव्हता, धुकंही नव्हतं. तिला दोन घड्याळं दिसत होती आणि रिंग दोघांच्या मधून जात होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. तिनं घड्याळ राहू दिलं.

आज सकाळी तर तिनं त्याच्यावर रिंग टाकलीच नव्हती.

"माय, तो येतोय," चेतना म्हणाली. "चल ना. पाया पडते तुझ्या."

मास्तर घोड्यांच्या रांगेकडून येत होता. फोन काठीवर लावलेला, आणि मागं वीस-पंचवीस माणसं. व्हिडिओ पाहून आलेली, काही नुसतीच काहीतरी होणार म्हणून आलेली. चेतना टेबलाच्या बाजूला, रूपसिंगच्या फुग्यांच्या आड सरकली. बेबीबाईनं ते पाहिलं.

"तर मित्रांनो, मी भूपेश सर, आपण पुन्हा त्याच स्टॉलवर आलो आहोत," मास्तर फोनला म्हणाला, आणि फोन वळवून हळूच म्हणाला, "मावशी, जरासं बाजूले सरका. उजेड येऊ द्या."

"उजेड येवालेच पाहिजे," बेबीबाई म्हणाली आणि सरकली. "सर, तुम्ही कोणता इषय शिकाडतस?"

"गणित."

"मंग फोटोवर कसाले मोजतस? आठे मोजा."

तिनं एक रिंग त्याच्या हातात दिली. स्वतः पदराची गाठ सोडली, ज्वारीचे चार दाणे तळहातावर घेतले. "मोठा ठोकळा निवडा. घड्याळनाच निवडा. घाला तुमना हातथीन."

भूपेशनं काठी एकाकडे दिली, टेबलावर वाकून घड्याळावरून रिंग खाली सोडली. रिंग ठोकळ्याच्या चारी बाजूंनी उतरली आणि कापडावर सपाट बसली. बेबीबाईनं एका कोपऱ्याशी दाणा सोडला. तो फटीत गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. चौथ्याला लोकांनी श्वास धरला होता. तोही गेला.

"बसनी रे बसनी!" मागून कुणी ओरडलं. "सर, तुमनं गणित उन्हाळानी सुट्टीवर व्हतं का?"

भूपेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तरी माणूस पळपुटा नव्हता. "ठीक आहे. माप बरोबर आहे. मी चुकलो," तो फोनकडे बघून म्हणाला. "पण मावशी, खरं सांगा. शंभर रिंगांत किती पडतात?"

"सात-आठ. घड्याळवर हजारमा एखादी."

"म्हणजे लोक हरतातच."

"हारतस. मी कधय म्हनं जिंकतस? हाऊ खेळ शे, परसाद नई."

लोक हसले. भूपेशही ओठातल्या ओठात हसला, पण मुद्दा सोडीना. "तुमचं माप खरं असेल. पण स्टॉलवाला म्हटलं की लबाडी आलीच ना? धंदाच तसा."

बेबीबाईनं पदर कमरेला खोचला.

"तुमना वर्गमा पोरे कितला?"

"चाळीस."

"पह्यला नंबर कितला जणस्ले देतस?"

"एकालाच."

"मंग बाकीनास्ले तुम्ही फसाडं का?"

आता हसू असं उसळलं की पलीकडचं एक घोडं कान टवकारून मागं सरलं. रूपसिंगनं बंदुकीचा दस्ता फळीवर आपटून दाद दिली. बेबीबाईला जोर चढला. तिनं बोट उचललं.

"आनि एक सांगा. जो पेपर पोरेस्ले देतस, तो तुमले सुटस ना?"

"सुटतो म्हणजे?" भूपेशला हे मात्र लागलं. तो फोन विसरून बोलला. "आधी मी स्वतः सोडावस, मंग पोरेस्ले देस. जे गणित माले सुटत नई ते मी पेपरमा घालत नई. कधीच नई."

बेबीबाईचं उचललेलं बोट तसंच राहिलं.

लोक अजून हसत होते. कुणीतरी म्हणालं, "जिंकनी रे माय!" दुसरा म्हणाला, "सर, चला, जिलबी तुमनाकडे लागी." खेळ संपला होता. ती मान हलवून गप्प राहिली असती तर दुपारपर्यंत हाच व्हिडिओ गावोगाव गेला असता, मास्तर हरला आणि रिंगवाली जिंकली म्हणून. फुग्यांच्या आडून चेतना पुढं आली होती. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रंग आला होता.

बेबीबाईनं हाताला लागल्या तेवढ्या रिंगा उचलून कमरेशी अडकवल्या. टेबलाला वळसा घातला, दोरी वर उचलून खालून गेली आणि गिऱ्हाइकाच्या जागी उभी राहिली.

"थांबा सगळे," ती म्हणाली. "मन्हा पेपर बाकी शे."

तिनं सलामी म्हणजे काय ते सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. मग दोरीखाली पाय रोवून उभी राहिली.

साबणावर पहिलीच रिंग बसली. कंगव्यावर दुसरी. पेला, वाटी, डबा. हात वर जायचा तेव्हा काचेची बांगडी मनगटावरून कोपराकडे घसरायची, रिंग सुटली की परत यायची. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग मोजू लागले, मग नुसते बघू लागले. टाकता टाकता ती आपलं रोजचं म्हणत होती, गिऱ्हाईक बोलवायला म्हणायची तेच, पण आज हळू, कुणालाच न बोलवता :

"हात तुन्हा, रिंग मन्ही,
नजर तुन्ही, वस्तू मन्ही,
पडनी ते तुन्ही, चुकनी ते मन्ही..."

सगळ्या वस्तू झाल्या. उरलं घड्याळ.

पहिली रिंग डावीकडून गेली. दुसरी पलीकडे पडली. तिनं डावा डोळा मिटून पाहिलं. घड्याळ एक झालं, पण किती लांब ते कळेना. तिसरी ठोकळ्याला लागून उडाली.

भूपेशला राहवेना. त्यानं फोनची काठी परत घेऊन खाली केली होती. "मावशी, एक पाऊल पुढं या. चालेल. तुमचं वय झालंय."

"गिऱ्हाइकले मी पुढे येऊ देस का?"

"नाही, पण..."

"मंग?"

चौथी रिंग गेली. घड्याळाच्या मागं पडली.

तिचा हात पाचवीसाठी कमरेशी गेला. तिथं रिंग नव्हती. मघाशी गडबडीत एक टेबलावरच राहिली होती, भूपेशनं ठोकळ्यावर घातलेली तीच. चेतना टेबलाशी गेली. घड्याळावरून रिंग वर काढली, ज्वारीचे चार दाणे वेचून मुठीत घेतले, दोरीपर्यंत आली. सहा वर्षं नोकरी करून, आईशीसुद्धा शाळेची भाषा बोलणारी ती मुलगी म्हणाली,

"माय, हाई ले. घाई नको करू."

बेबीबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. बांगडी कोपराकडे घसरली.

रिंग चांगली गेली. एवढी चांगली या यात्रेत एकही गेली नव्हती. घड्याळाच्या काठावर आली, पितळेला लागून टणकन वाजली, काठावरच एक फेरा फिरली. फिरता फिरता कलली, आणि ठोकळ्याच्या एका कोपऱ्यावर अडकून राहिली. तीन कोपरे आत होते. एक बाहेर.

"पडनी!" कुणीतरी ओरडलं. "धरा पडनी!"

"धक्का द्या जरासा," दुसरा म्हणाला. "कोण देखी ऱ्हायनं?"

"मी देखी ऱ्हायनू," बेबीबाई म्हणाली.

ती दोरीखालून परत आत गेली. अडकलेली रिंग काढली. घड्याळ दोन्ही हातांनी उचललं आणि टेबलाखालच्या पेटीत, जुन्या लुगड्याच्या घडीवर ठेवलं. ठोकळाही उचलला. मग उभी राहून भूपेशला म्हणाली, "फोन बंद कसाले कया? उचला वर."

त्यानं उचलला.

ती फोनकडे बघून बोलली. आवाज चढा, यात्रेतल्या बाईचा असतो तसा. "मी बेबीबाई पितांबर पाटील, रनाळानी. मन्ही रिंग खरी शे. ठोकळा खरा शे. पन हाई घड्याळ तीन दिनथीन मन्हा हातथीन पडत नव्हतं, तरी मी मांडं. आज सकाळे तं टाकीसन बी नई देखं. ते चुकनं. ह्या चार दिनमा जेस्नी जेस्नी घड्याळवर रिंग टाकी, त्यास्नी या. पाच पाच रिंगा फुकट फेका, जे पडी ते ली जा. मास्तरनं गणित चुकनं व्हतं, पन मास्तर चुकना नव्हता." ती क्षणभर थांबली. "आनि जो कोनी म्हणस का धंदाच लबाडीना, त्यानी आठे यावं. गिऱ्हाइकना जागावर उभं ऱ्हावं. आपला कामनी सलामी देवी. मंग बोलावं."

 मागचा एक माणूस टोपी काढून डोकं खाजवत राहिला.

"हाई बी टाका," ती भूपेशला म्हणाली. "कापू नका काही."

"नाही कापणार."  मग त्याची नजर दोरीशी उभ्या असलेल्या चेतनाकडे गेली. "या ताई कोण?"

बेबीबाई पटकन म्हणाली, "गिऱ्हाईक शे."

"नाही," चेतना म्हणाली. तिनं पर्स खांद्यावरून काढून टेबलाखाली पेटीजवळ ठेवली, आणि फोनकडे तोंड केलं. "मी चेतना पितांबर पाटील. नवापूरला पतसंस्थेत कारकून आहे. ही माझी आई. आमचं दुकान हेच. अल्पना, तू बघशीलच, म्हणून सांगते."

दुपारी ऊन तापलं. फुकटच्या रिंगा टाकायला नऊ जण आले. रूपसिंग म्हणाला, त्यातल्या चौघांनी तरी घड्याळावर रिंग टाकलेली त्याला आठवत नाही. बेबीबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे." एकाला साबण लागला, एकीला पेला. भूपेश पाचही रिंगा चुकला. सहावी मागितली नाही. जाताना चष्मा पुसत म्हणाला, "घाई व्हस मन्ही."

"व्हय. सांगंच व्हतं," बेबीबाई म्हणाली.

चेतना टेबल लावत होती. मागच्या रांगेत मधोमध मोठी मोकळी जागा दिसत होती. तिनं झाकणाचा एक डबा उचलला आणि तिथं ठेवायला गेली.

"नको," बेबीबाई म्हणाली.

"बोडकं दिसतंय, माय."

"दिसू दे."

चेतनानं डबा परत घेतला. तेव्हा तिला ते दिसलं. एकतीस वर्षांच्या उन्हानं लाल कापड विटून विटेच्या रंगाचं झालं होतं. फक्त जिथं ठोकळा बसायचा तिथं एक चौकोन राहिला होता, दुकानातून आणला त्या दिवशीसारखा लालभडक. चौकोनाच्या चारी कोपऱ्यांशी ज्वारीनं वर्षानुवर्षं टेकून केलेल्या चार बारक्या खुणा होत्या.

तिनं मूठ उघडली. दाणे घामानं ओले झाले होते. तिनं ते आईच्या पदराच्या गाठीत परत बांधले.

दोरीशी एक बाई येऊन उभी राहिली, कडेवर पोर. टेबलावरून नजर फिरवत मधल्या जागेपाशी थांबली. "तठे काहीच नई का वो?"

"तठे नई," बेबीबाई म्हणाली आणि तिच्यापुढं पाच रिंगा धरल्या. "बाकीनं सगळं पडस. मी आजच पाडीसन देखं."